कडी लावली होती

आम्हा जैनांमध्ये वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी माणूस अवघ्या जीवसृष्टीची क्षमा मागतो. मनाने, वाणीने, कायेने, कळत किंवा न कळत ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडतो आणि मोकळा होतो. ही क्षमा मी जाणता झाल्यापासून दरवर्षी न चुकता मागत आलो आहे. छापील कार्डावर. कार्डाच्या मागच्या बाजूला दुकानाचं नाव आणि खाली ‘काच, प्लायवूड व हार्डवेअर’. क्षमेला तिकीट लावायचंच आहे, तर त्यात जाहिरातही उरकावी, हा विचार वडिलांचा. मी तो पुढे चालू ठेवला.

यातलं एक कार्ड दरवर्षी आणे गावी बबनरावांच्या घरी जायचं. ते मिळालं की बबनराव मुद्दाम फोन करायचे. “शेठ, तुमचं काय चुकनार? उगा लाजवता राव आमाला.”

आणि मी काय म्हणायचो? “तरीपण.” एवढंच. तरीपण — या एका शब्दावर मी कितीतरी वर्षं काढली.

आता जे सांगतो आहे ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, पर्युषणात ज्या महाराजसाहेबांपुढे बसून मान हलवायचो त्यांनाही नाही. मागच्या आठवड्यापर्यंत नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना आधी सांगितलं. तुमचा नंबर दुसरा आहे, राग मानू नका.

आमचं दुकान आळेफाट्यावर. आजोबा राजस्थानातून आले ते कापडाचं गाठोडं घेऊन. वडिलांनी कापड सोडून काच धरली. मला दुकानापेक्षा वाचायची हौस. गल्ल्यावर बसून काहीही वाचायचो, अगदी सामानावर गुंडाळून आलेले कागदसुद्धा. त्यातून एक वाईट सवय लागली — सगळ्यांना हसायची. मंडपातल्या भाषणांना, सत्कारांना, शालींना. आपण या सगळ्याच्या बाहेर उभे आहोत असं मला फार वर्षं वाटत होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मुंबईच्या एका प्रदर्शनातून मी अमेरिकेचं एक गुळगुळीत माहितीपत्रक आणलं होतं. तिकडे किनाऱ्यावर चक्रीवादळं येतात. तिथल्या घरांना कसल्या खिडक्या बसवाव्यात, याबद्दलचं. त्यात एक फोटो होता — माणसं तोफेसारख्या नळीतून लाकडी वासा खिडकीवर मारताहेत आणि काच तशीच उभी आहे. खाली लिहिलं होतं की वादळात घर पडतं ते बाहेरच्या वाऱ्याने कमी. एक खिडकी फुटते, वारा आत शिरतो आणि छप्पर आतून उचलतो. मी हे इतक्या जणांना वाचून दाखवलं की त्या पत्रकाच्या घड्या फाटल्या. गिऱ्हाईक पाव किलो खिळे मागायला यायचं आणि चक्रीवादळ ऐकून जायचं.

बबनराव खिळ्यांसाठी आले नव्हते. मुंबईत भाजीच्या बाजारात उभं आयुष्य काढून ते गावी परतले होते आणि आण्याच्या पठारावर, घाटाच्या तोंडाशी, बंगला बांधत होते. त्या भागातली जुनी घरं तुम्ही पाहिली असतील तर आठवेल — खिडक्या लहान, उंचावर, लाकडी झडपांच्या. पठारावर झाड नाही, आडोसा नाही. वळवाचं वारं सुटलं की दावणीची वैरण पार पुढच्या शिवारात जाऊन पडते. लोकांना हे ठाऊक होतं म्हणून खिडक्या तशा होत्या. बबनरावांनाही ठाऊक होतं. पण त्यांना घाट दिसायला हवा होता. “चाळीत खिडकीतून समोरच्याची गॅलरी दिसायची,” ते म्हणाले. “आता मला लांबवर बघायचंय, शेठ. पर काच टिकल का?”

टिकेल का? अहो, मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. मी पत्रक काढलं. टफन काचेबद्दल सांगितलं — भट्टीत तापवून एकदम गार करतात, मग ती साध्या काचेपेक्षा कितीतरी चिवट होते. आणि फुटलीच तरी सुरे होत नाहीत, साबुदाण्यासारखा चुरा होतो, कुणाला कापत नाही. नमुन्याचा एक तुकडा दुकानात होता. त्यावर हातोडी मारून दाखवली. बबनरावांच्या बायको, सुभद्रावहिनी, बाजूला पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढ्यांदा मारताय तर आमच्या सुनंला बी दाखवा, तिच्या हातून कपबश्या लई फुटत्यात.” सगळे हसले. ऑर्डर मिळाली.

माप घ्यायला मी स्वतः गेलो. एरवी नामदेव जायचा, माझा काच बसवणारा माणूस. पण हे काम त्याच्यावर कसं सोपवणार? त्याने पत्रक वाचलं नव्हतं.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, कारण सगळं तिथे अडकलं आहे. काचेचं माप नेहमी जरा मोठं घ्यायचं. लाकूड कुठे फुगतं, कुठे खाच वाकडी निघते; काच मोठी असली की जागेवर काच कापायच्या हिरकणीने रेघ मारून पट्टी काढून टाकता येते. लहान पडली तर वाया. वडिलांनी मला हे शिकवलं, मी नामदेवला. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. आणि टफन काच — हे पत्रकात पहिल्याच पानावर होतं, मी शंभरदा वाचलेल्या पानावर — टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. घासता येत नाही. जे माप द्याल तेच येतं, आणि जे येतं तेच राहतं.

मी माप जरा मोठं घेतलं.

पुण्याहून काचा आल्या त्या वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी सकाळी. नामदेवने पहिली काच झडपेला लावली, फिरवली, पुन्हा लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “शेठ, ही आत जात न्हाई.” सुपारीएवढी काच जास्त. मी म्हणालो, कड थोडी घास. तो म्हणाला, नको. मी म्हणालो, घास. त्याने दगड लावला आणि अख्खी काच एका क्षणात खाली आली — चुरा, साबुदाणा, अगदी पत्रकात दिल्यासारखा. माहितीपत्रक खरं ठरलं हे पाहून मला समाधान वाटायला हवं होतं.

अंगणात मांडव चढत होता, आचारी चुली लावत होता. बबनराव पुण्याच्या पाहुण्यांना आणायला गेले होते. त्या वेळी मला काय करता आलं असतं? साधं होतं — सांगता आलं असतं. भाऊ, माझं माप चुकलं; आठ-पंधरा दिवस खिडक्यांना प्लायवूड लावू, नवीन काचा मागवू. बबनराव रागावले असते, मग हसले असते. पण सबंध तालुक्याला चक्रीवादळ शिकवणाऱ्या माणसाने, फूटपट्टी कशी धरायची ते आपल्याला कळलं नाही, हे मांडवात उभं राहून सांगायचं? मला ते जमलं नाही. टेम्पो घेऊन दुकानात गेलो, साधी जाड काच काढली, नामदेवकडून कापून घेतली, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या खिडक्या चकचकीत उभ्या राहिल्या. बघून फरक कळत नाही. दिवाळीनंतर बदलू, असं मी नामदेवला म्हणालो. बहुधा स्वतःलाही म्हणालो. पैसे टफनचेच घेतले. मापात न बसलेल्या काचा पुढे जेवणाच्या टेबलांवर खपल्या.

दुसऱ्या दिवशी तालुक्यातले एक पुढारी आले. पूजा झाल्यावर बबनरावांनी माइक घेतला आणि जाहीर केलं की आता साहेबांच्या शुभहस्ते खिडकीवर हातोडा मारण्यात येईल.

तुम्ही कधी शुभहस्ते घाबरला आहात? मी घाबरलो. पुढाऱ्यांनी हातोडा घेतला, बाह्या सारल्या. मी पुढे धावलो आणि म्हणालो, “साहेब, नव्या वास्तूवर घाव नको, अपशकुन असतो. हा नमुना घ्या.” पिशवीत तो तुकडा होता. तो विटांवर ठेवला, साहेबांनी घाव घातला, काच शाबूत. टाळ्या. मग साहेब दहा मिनिटं बोलले — ही काच म्हणजे आपल्या तालुक्याची अभेद्य एकजूट. पंधरवड्यापूर्वीच त्यांच्या पक्षाचे दोन तुकडे झाले होते. एरवी मला हे महिनाभर हसायला पुरलं असतं. त्या दिवशी मी फेटा बांधून घेतला, नारळ घेतला आणि खाली मान घालून जेवलो. शकुन-अपशकुन मी कधी मानले नाहीत. पण कामाला आले.

दिवाळी आली, गेली. अशा किती आल्या. खिडक्या उभ्या होत्या, लोक मुद्दाम बघायला येत होते. दर उन्हाळ्यात ढग भरून आले की मी दुकानाबाहेर येऊन पूर्वेकडे, आण्याच्या बाजूला बघायचो. शेजारचा चहावाला म्हणायचा, “शेठला शेतकऱ्यांची लई काळजी.”

ज्या दिवशी ते व्हायचं होतं त्या दुपारी बबनराव माझ्याच दुकानात बसले होते. आकाश एकदम काळंनिळं झालं आणि गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. लोक पळत आत आले. कुणीतरी म्हणालं, पठारावर आज काय खरं नाही. बबनराव पाय पसरून म्हणाले, “आमाला काय घोर न्हाई. शेठच्या काचा हायेत.”

वारा थांबल्यावर त्यांच्या जीपमधून आम्ही दोघं वर गेलो. वस्तीच्या तोंडाशी एकाचे पत्रे उडून रस्त्यात पडले होते. बबनराव तिथे उतरले, मी चालत पुढे घरात शिरलो. घाटाकडची मोठी खिडकी फुटली होती. जमिनीवर हातभर लांबीचे सुरे पडले होते. सुभद्रावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजव्या हाताला पदर गुंडाळलेला, आणि पदर लाल. त्या खिडकीपासून लांब गेल्या नव्हत्या — कशाला जातील? काच कापत नाही, असं मीच सांगितलं होतं.

मी बबनरावांना हाक मारली. त्यांनी जमिनीकडे न बघता वहिनींना उचलून जीपमध्ये बसवलं आणि डॉक्टरकडे नेलं. मी म्हणालो, तुम्ही निघा, घराकडे मी बघतो.

मी घराकडे काय बघितलं ते सांगतो. झाडू घेतला आणि काच भरली. एकेक सुरा पोत्यात घातला आणि मागच्या खड्ड्यात नेऊन वर माती लोटली. कारण तो सुरा ज्याने उचलून पाहिला असता त्याला कळलं असतं, की ही साबुदाणा होणारी काच नव्हे. शेजारची म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, “शेठ असून झाडू मारतोय, देवमाणूस हाय.” मी नाही म्हणालो नाही.

दिवे लागायच्या सुमारास दोघं परतली. वहिनींच्या हाताला टाके. बबनराव खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पर फुटली कशी?”

आता इथे मी खोटं बोललो असं तुम्हाला वाटेल. नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला. “वहिनी, खिडकीला कडी लावली होती ना?” टफन काच कडेला नाजूक असते, झडप सुटून आपटली तर तीही फुटते — हे खरं आहे, पत्रकात आहे. मी खरंच बोलत होतो.

“लावली व्हती की,” वहिनी म्हणाल्या.

“नीट आठवा.”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. हात दुखत होता, घाबरल्या होत्या, दिवसभरात त्या एका खिडकीला किती वेळा हात लावला असेल कोण जाणे. “लावली व्हती... वाटतं.”

त्या ‘वाटतं’वर मी आठ वर्षं जगलो.

नव्या काचा मी फुकट बसवल्या. या वेळी टफनच, माप नामदेवने घेतलेलं. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. आणि बबनरावांना एक विनोद मिळाला. लग्नात, बारशात, जेवणाच्या पंगतीत — “आमच्या हिला न फुटनारी काच आनून दिली, तीबी फोडून दाखवली!” लोक हसायचे. वहिनीही हसायच्या, पहिली काही वर्षं. बबनराव वाईट माणूस नव्हेत. त्यांना विनोद मी पुरवला होता.

मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. वहिनी रात्री उठून कड्या बघतात. गॅस बंद केला की नाही म्हणून शेतातून परत येतात. बाजाराला निघालेल्या बाई आणे घाटातून माघारी फिरल्या, कुलूप बघायला. लेकीकडे राहायला जाणं त्यांनी सोडलं. माझ्या दुकानात एकदा आल्या तेव्हा एक बिजागरी दाखवून त्यांनी विचारलं, “भाऊ, मी ही मगाशी घेतली का?” घेतली नव्हती. तसं त्यांना आठवतही होतं. पण माझ्याकडून ते ऐकल्याशिवाय त्यांना खात्री वाटेना. ज्या बाईने कपबश्यांवरून मला हसवलं होतं, ती माझ्यासमोर उभी राहून स्वतःच्याच हाताला विचारत होती. तेव्हा मी सांगितलं का? नाही. बिजागरी बांधून दिली.

मागच्या आठवड्यात बबनराव आले आणि चहा न घेता बसून राहिले. म्हणाले, पोराने पुण्याच्या डोक्याच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. “तिचं काय खरं न्हाई, शेठ. त्या खिडकीपासनंच सुरुवात झाली बघा. घरच्या चाव्या आता सुनंकडं देतोय. ती काय म्हनत न्हाई, नुस्ती रडती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आण्याला गेलो. वाटेत काय काय ठरवलं होतं! आधी वडिलांचा विषय काढावा, मग काचेच्या धंद्यातल्या अडचणी, मग हळूच. ओसरीवर दोघं बसली होती, सून चहा ठेवून गेली, आणि माझ्या तोंडून सरळ निघालं — “वहिनी, तुम्ही कडी लावली होती.”

मग उलट्या क्रमाने सगळं सांगितलं. खड्डा, झाडू, मांडव, माप. क्षमा मागितली नाही. ती दरवर्षी मागून झालीच होती, तिला काय अर्थ उरला होता? सांगून झाल्यावर मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट झालं: लाज वाटली नाही, हलकं वाटलं. निर्लज्जपणे हलकं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात बसलो होतो आणि खिडकीकडे पाठ करावीशी वाटत नव्हती.

बबनराव जमिनीकडे बघत होते. वहिनी माझ्याकडे. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“मंग लावली व्हती मी,” त्या म्हणाल्या.

बबनरावांनी हातातला कप खाली ठेवला.

“आवो, तुमाला सांगतीय. मी कडी लावली व्हती.”

“व्हय,” बबनराव म्हणाले. मग मान वर करून म्हणाले, “लावली व्हती तू.”

“आन त्या डागदरला फोन करून सांगा, न्हाई येत म्हनावं.” मग माझ्याकडे बघून, “शेठ, तुमी लई वाईट केलं.” एवढंच. ओरडल्या नाहीत. हिशोब बरोबर जुळल्यावर माणूस बोलतो तशा बोलल्या. उठून आत गेल्या, सुनेकडून चाव्यांचा जुडगा घेऊन बाहेर आल्या आणि कमरेला खोचला.

बबनराव माझ्याकडे पाहून काहीतरी बोलणार होते. काय, ते मला कधी कळणार नाही, आणि मी विचारणारही नाही. जे काही असेल ते ऐकायला मी तिथे बसलो होतो. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. पाण्याचा टँकर. अख्खी वस्ती उठली. बबनराव उठले, सून कळशा घेऊन धावली, आणि वहिनींनी जाता जाता एक हंडा माझ्या हातात दिला.

टँकर अर्धाच भरून आला होता.